शेवटी चेंडू ज्याच्या हाती असतो

एखाद्या घरात, एखाद्या संस्थेत अथवा एखाद्या खेळात पराभवाची घटका आली म्हणजे त्या घटकेला जो मनुष्य पुढे उभा असतो, त्याच्याच माथी सगळ्या पराभवाचे खापर फुटते. आधी कोणाच्या हातून काय निसटले, याचा हिशेब मांडत कोणी बसत नाही. लक्षात राहते ते शेवटच्याचे नाव. हा न्याय आहे काय, आणि नसेल तर ज्याच्या वाट्याला तो आला त्याने तो कसा सोसावा, हा प्रश्न आम्हांला बरीच वर्षे छळत आला आहे. त्याचे कारण घरगुती आहे व ते आम्ही लेखाच्या शेवटी सांगणार आहोत. परंतु या प्रश्नाचा नीट विचार करावयास आम्हांला लावले ते आपल्याकडे फारसा न खेळल्या जाणाऱ्या एका खेळाने. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे मुक्कामास असताना त्याने आम्हांला बेसबॉल समजावून सांगितला, आणि तेव्हापासून त्या खेळातील 'रिलीफ पिचर' नावाच्या खेळाडूने आमच्या मनात घर केले.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे जरूर आहे. चेंडू टाकणाऱ्यास तेथे पिचर म्हणतात. साठ फूट सहा इंचांवरून तो फलंदाजाकडे चेंडू फेकतो. सामना नऊ डावांचा असतो व प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद व्हावे लागतात. आपल्या क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो, आणि दमलेला गोलंदाज थोडी विश्रांती घेऊन पुन्हा गोलंदाजीला येतो. बेसबॉलमध्ये तशी सोय नाही. पहिला पिचर झेपेल तोवर एकट्याने चेंडू टाकतो; तो थकला की त्याला बाहेर काढतात, आणि एकदा बाहेर पडलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्याच्या जागी जो येतो तो रिलीफ पिचर. तोवर तो मैदानाच्या कडेला 'बुलपेन' नावाच्या आवारात तासन्‌तास बसून असतो. कित्येक दिवस त्याला कोणी बोलावतही नाही. बोलावतात ते बहुधा संकट ओढवल्यावर. दुसऱ्याने मांडलेला डाव, दुसऱ्याने मिळवलेली आघाडी, दुसऱ्याच्या चेंडूंवर धावेच्या वाटेला लागलेले प्रतिस्पर्धी, असे सगळे त्याच्या ओंजळीत टाकले जाते आणि त्याने ते सांडू न देता शेवटास न्यावे, एवढीच अपेक्षा असते. त्याने ते नेले तर लोक म्हणतात, संघ जिंकला. सांडले तर लोक म्हणतात, याने घालवले.

राल्फ ब्रँका यांची कहाणी येथे प्रथम सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन गावी एका मोठ्या कॅथलिक कुटुंबात ते वाढले. सतरा भावंडांत त्यांचा क्रमांक पंधरावा. एकविसाव्या वर्षी, सन १९४७ मध्ये, ब्रुकलिन डॉजर्स या संघासाठी त्यांनी एकवीस सामने जिंकून दिले. त्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या संघात आला व वर्णभेदाची जुनी भिंत कोसळली; रॉबिन्सनला स्वीकारण्यास संघातील काही सहकारी नाखूष होते, परंतु ब्रँका त्याचे मित्र झाले व अखेरपर्यंत मित्र राहिले. मुळात ते डावाची सुरुवात करणारे पिचर होते. परंतु गरज पडली की बदली म्हणूनही चेंडू हाती घेत. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी अशीच गरज पडली.

त्या वर्षी डॉजर्स ऑगस्टच्या मध्यापर्यंत इतके पुढे होते, की त्यांना कोणी गाठील असे वाटत नव्हते. परंतु न्यूयॉर्क जायंट्स या शेजारच्याच संघाने शेवटच्या चव्वेचाळीस सामन्यांपैकी सदतीस जिंकले आणि दोघे बरोबरीत आले. निर्णयासाठी तीन सामने ठरले. पहिला जायंट्सने जिंकला, दुसरा डॉजर्सने. तिसऱ्यात नवव्या डावापर्यंत डॉजर्स चार विरुद्ध एक असे पुढे होते. डॉन न्यूकम्ब हा त्यांचा पिचर तोवर थकून गेला होता. जायंट्सची एक धाव झाली. दोन खेळाडू दुसऱ्या व तिसऱ्या तळावर उभे राहिले. तेव्हा ब्रँकांना बोलावण्यात आले. त्यांनी दोनच चेंडू टाकले. पहिला चांगला पडला. दुसरा बॉबी थॉमसन याने डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावून दिला. तीन धावा झाल्या, जायंट्स पाच विरुद्ध चार असे जिंकले, आणि अमेरिकन खेळांच्या इतिहासात तो फटका अजरामर झाला. त्याच दिवशीचे ब्रँकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कपडे बदलण्याच्या खोलीतील पायऱ्यांवर हा धिप्पाड तरुण पालथा पडला आहे.

एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. बेसबॉलची अधिकृत नोंदवही जनसमुदायापेक्षा अधिक न्यायी असते. ज्या पिचरच्या चेंडूंवर खेळाडू तळावर पोहोचला, त्याच्याच नावावर ती धाव मांडली जाते, मग ती पूर्ण होताना चेंडू कोणाच्याही हाती असो. त्या हिशेबाने जायंट्सच्या पाच धावांपैकी चार न्यूकम्बच्या नावावर आहेत आणि एक ब्रँकांच्या. परंतु लोकांच्या स्मरणात न्यूकम्ब नाही. आठव्या डावापर्यंत ज्यांना चौथ्या धावेपलीकडे भर घालता आली नाही ते फलंदाज नाहीत, बदली निवडणारे व्यवस्थापक नाहीत. ब्रँका तेवढे आहेत. त्यांनी पुढे साठ-पासष्ट वर्षे आयुष्य काढले. जेथे गेले तेथे त्या एका चेंडूची आठवण लोकांनी त्यांना करून दिली.

आपल्याकडील वाचकांना शारजा आठवेल. १८ एप्रिल १९८६ रोजी पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्मा यांच्या त्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, त्याच चेतन शर्मांनी नागपूरच्या मैदानावर विश्वचषक स्पर्धेतील पहिली हॅटट्रिक केली. त्यांचे नाव निघाले की लोकांच्या ओठांवर आधी काय येते, हे प्रत्येकाने आपल्याशीच पडताळून पाहावे. तेव्हा हा दोष अमेरिकेतील लोकांचा आणि आपण त्यातून मोकळे, असे समजण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते येथे तीन निराळ्या गोष्टींची गल्लत होते: कारण, जबाबदारी आणि दोष. ब्रँकांचा चेंडू हा पराभवाचे एक कारण होता, यात वाद नाही. शेवटचे कारण होता, हेही खरे. जबाबदारी त्यांनी स्वतःहून पत्करली. चेंडू मी टाकला, असे म्हणण्यास ते कधी कचरले नाहीत. परंतु दोष? दोष येण्यासाठी कुचराई हवी, लबाडी हवी, निदान बेफिकिरी तरी हवी. ज्याने बोलावणे आल्यावर जाऊन आपल्याजवळ होते ते सर्व दिले, त्याच्या पदरी अपयश येऊ शकते, पण दोष येत नाही. नैतिक विचारात हा भेद अगदी प्राथमिक आहे. आपल्या मुलांना पापाची व्याख्या शिकवताना आपण जाणीव आणि इच्छा यांवर भर देतो. मात्र प्रत्यक्ष व्यवहारात हा भेद आपल्या हातून निसटतो. दुःख झाले की मनाला कारण पुरेसे वाटत नाही. त्याला कोणीतरी दोषी हवा असतो. आणि शेवटी जो उभा होता तो सर्वांत हाताशी असतो.

सामना संपल्यावर ब्रँका बाहेर आले तेव्हा गाडीत त्यांची वाग्दत्त वधू वाट पाहत होती. तिच्यासोबत तिच्या नात्यातील एक येशूसंघीय धर्मगुरू होते. ब्रँकांनी त्यांना विचारले, हे माझ्याच वाट्याला का आले? धर्मगुरूंनी उत्तर दिले ते अशा अर्थाचे होते, की हा क्रूस पेलण्याइतकी तुझी श्रद्धा बळकट आहे हे देव जाणून होता, म्हणून त्याने तुला निवडले. ब्रँकांनी ते उत्तर जन्मभर जवळ बाळगले व त्याने आपल्याला तारले असे ते पुढे सांगत असत.

हे उत्तर आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला ते पटले नाही, हे कबूल केले पाहिजे. परमेश्वर काय बेसबॉलच्या सामन्यात जय-पराजयाची वाटणी करीत बसतो? त्या दिवशी दोन्ही बाजूंनी प्रार्थना झाल्या असतील. मग एकाची ऐकली आणि दुसऱ्याला क्रूस दिला, असे मानावयाचे काय? शिवाय हेच वाक्य एखाद्या दुःखिताला, त्याने न विचारता, वरून ऐकवले तर ते किती निष्ठुर ठरेल! मूल गेलेल्या आईला कोणी असे म्हणाले तर तिने त्याला दाराबाहेर काढले तरी आम्ही तिला बोल लावणार नाही.

परंतु पुढे विचार करता आम्हांला असे दिसले, की त्या धर्मगुरूंचे शब्द हे घटनेचे स्पष्टीकरण नव्हतेच. चेंडू का भिरकावला गेला याचे उत्तर थॉमसनच्या बॅटमध्ये आहे. 'माझ्याच वाट्याला का' असे जेव्हा मनुष्य विचारतो, तेव्हा त्याला कारण हवे नसते. पुढे जगावे कसे, हे त्याला विचारावयाचे असते. धर्मगुरूंनी त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. तू टाकून दिलेला नाहीस, हे ओझे तुला उचलता येईल, एवढाच त्याचा आशय. स्पष्टीकरण आणि आधार यांत हा भेद आहे. स्पष्टीकरण खरे की खोटे हे तपासता येते; आधार घेतलेला मनुष्य उभा राहिला की नाही, एवढेच पाहावे लागते. ब्रँका उभे राहिले.

किती उभे राहिले याची परीक्षा पुढे तीन वर्षांनी झाली. सन १९५४ मध्ये दुसऱ्या एका संघात असताना एका सहकाऱ्याकडून त्यांना कळले, की १९५१ च्या त्या मोसमात जायंट्सने आपल्या मैदानाच्या मध्यभागामागील खोलीत दुर्बीण बसवली होती. प्रतिस्पर्धी यष्टिरक्षक पिचरला बोटांनी ज्या खुणा करतो त्या दुर्बिणीतून टिपावयाच्या आणि विजेच्या घंटेने आपल्या खेळाडूंना कळवावयाच्या, म्हणजे पुढचा चेंडू कोणता हे फलंदाजाला आधीच समजे. त्या नेमक्या चेंडूची खूण आपण घेतली नाही, असे थॉमसन म्हणत. ते काहीही असो. एवढे ऐकल्यावर कोणताही सामान्य मनुष्य छपरावर चढून ओरडला असता. ब्रँका गप्प राहिले. ३१ जानेवारी २००१ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने ती सर्व हकीकत पुराव्यांनिशी छापली, तोवर शेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी जाहीरपणे तो विषय काढला नाही. मधल्या काळात थॉमसन व ते मित्र झाले. समारंभांतून एकत्र हिंडले, एकाच छायाचित्रावर दोघांनी सह्या केल्या. गरजू माजी खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेचेही काम ब्रँकांनी अनेक वर्षे पाहिले.

हे मौन योग्य होते काय? याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. एक पक्ष असा: अन्याय झाकणे म्हणजे अन्यायाला साथ देणे. त्या लबाडीने केवळ ब्रँका फसले नव्हते, तर न्यूकम्ब फसला होता, सारा संघ फसला होता, तिकीट काढून आलेले हजारो लोक फसले होते. त्यांना सत्य कळण्याचा अधिकार नव्हता काय? दुसरा पक्ष असा: जे सत्य सांगितल्याने आपलेच माप भरून निघणार, त्या सत्याबद्दल मनुष्याने सावध असावे. ब्रँकांनी बोलावयास सुरुवात केली असती तर लोकांनी त्याला रडगाणे म्हटले असते, आणि ते स्वतःही हळूहळू त्या तक्रारीच्या आधाराने जगू लागले असते. ती भीती त्यांनी स्वतः बोलून दाखवली आहे. आपण कुरकुरे ठरावे हे त्यांना नको होते.

आम्हांला असे वाटते, की सत्य दडपणे आणि सत्याचा स्वतःच्या बचावासाठी उपयोग न करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कोणी विचारले असता खोटे सांगणे हे पाप. न विचारता आपली बाजू न मांडणे हे काही वेळा तप असते. मात्र त्या मौनाला आम्ही निर्भेळ सद्‌गुण म्हणणार नाही, आणि ब्रँकांनीही तसे म्हटले नाही. सत्य प्रकट झाल्यानंतर, सन २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात, त्यांनी त्या कृत्याचा कठोर शब्दांत धिक्कार केला. म्हणजे राग गेलेला नव्हता. राग होता, तरीही मैत्री केली. हेच आम्हांला अधिक मोलाचे वाटते. क्षमा म्हणजे अन्याय झालाच नाही असे म्हणणे नव्हे. दुर्बीण लावणे वाईट होते, आणि तरीही चेंडू फटकावला तो थॉमसननेच, या दोन्ही गोष्टी ते एका श्वासात सांगू शकत. सन २०१६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

ब्रँकांच्या वाट्याला अशी घटका एकदा आली. आता ज्याने ती घटका रोजच पत्करली, अशा एका खेळाडूकडे पाहू. पनामा देशातील पुएर्तो कैमितो हे कोळ्यांचे गाव. सन १९६९ मध्ये जन्मलेला व तेथे वाढलेला मारियानो रिवेरा लहानपणी दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा हातमोजा म्हणून वापरी. शाळा अर्धवट सोडून तो वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर गेला. सन १९९० मध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाने अगदी किरकोळ रकमेवर त्याला करारबद्ध केले. सुरुवातीचा पिचर म्हणून तो जमला नाही. १९९५ मधील त्याचे आकडे सामान्य होते. मग त्याला बदलीचे काम मिळाले, आणि १९९७ पासून शेवटच्या डावाचे. याच वर्षी सहकाऱ्याशी साधी फेकाफेक करताना त्याचा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी वळू लागला. आपण तो शिकलो नाही, ते देवाचे दान आहे, असे तो आजही सांगतो. त्या एकाच चेंडूवर त्याने पुढची सतरा वर्षे काढली.

संघाची निसटती आघाडी शेवटपर्यंत राखल्यास पिचरच्या नावे 'सेव्ह' मांडला जातो. सन १९६९ पासून ही अधिकृत नोंद आहे. रिवेराच्या नावे असे ६५२ सेव्ह आहेत व तो विक्रम आजतागायत अबाधित आहे. सन २०१९ मध्ये बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात त्याची निवड झाली तेव्हा ४२५ पैकी ४२५ मते त्याला पडली. असे एकमत त्यापूर्वी कोणाच्याच बाबतीत झाले नव्हते. परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या एका आकड्याने. नियमित सामन्यांत राखण्यासाठी दिलेली आघाडी त्याने ऐंशी वेळा घालवली. म्हणजे या कामात जो सर्वश्रेष्ठ ठरला, तोही साधारण नऊ वेळांतून एकदा अपयशी ठरला. आणि प्रत्येक वेळी ते अपयश हजारोंच्या डोळ्यांदेखत, सामन्याच्या अगदी शेवटी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्याच आवारात बसावयाचे, बोलावणे आले की पुन्हा उठावयाचे.

त्याचे सर्वांत मोठे अपयश ४ नोव्हेंबर २००१ चे. अॅरिझोना संघाविरुद्ध अजिंक्यपदाचा सातवा, निर्णायक सामना. यँकीज दोन विरुद्ध एक असे पुढे होते. नवव्या डावात रिवेराने स्वतः केलेली एक फेक चुकली, मग दोन फटके बसले, आणि सामना व अजिंक्यपद दोन्ही गेले. संघ जिंकला असता तर न्यूयॉर्कमध्ये विजययात्रा निघणार होती. एन्रिके विल्सन या त्याच्या सहकाऱ्याने त्या यात्रेनंतर, १२ नोव्हेंबरच्या विमानाने, मायदेशी जाण्याचे योजले होते. पराभवामुळे तो आधीच निघून गेला. १२ नोव्हेंबरचे ते विमान न्यूयॉर्कमध्येच कोसळले. विमानातील २६० व जमिनीवरील पाच माणसे ठार झाली. रिवेरा नंतर म्हणाला, की आपण हरलो याचा मला आनंद आहे, कारण माझा मित्र जिवंत आहे.

हे वाक्य भाविक मनाला फार भावते, आणि म्हणूनच ते जपून हाताळले पाहिजे. मित्राचे प्राण वाचावेत म्हणून देवाने तो सामना हरवला, असे आपण म्हटले, तर त्या २६५ जणांच्या आप्तांना आपण काय सांगणार? त्यांच्यासाठी कोणी सामना हरले नाही. कृतज्ञता म्हणून रिवेराचे वाक्य खरे आहे. देवाच्या कारभाराचे स्पष्टीकरण म्हणून ते अपुरे आहे. वर त्या धर्मगुरूंच्या उत्तराबद्दल आम्ही जे म्हटले तेच येथेही लागू पडते. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने आपल्यापुरता त्यातून अर्थ काढावा; तो अर्थ दुसऱ्याच्या दुःखावर लादू नये. मात्र त्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या पराभवाला या माणसाने एका मित्राच्या प्राणांपुढे तराजूत घातले आणि पराभव हलका भरला. खेळ हा खेळ आहे, हे ज्याचे पोट खेळावर आहे त्याने ओळखावे, हे काही थोडे नव्हे.

सगळ्यांनाच ते साधत नाही. डॉनी मूर हा कॅलिफोर्निया एंजल्स संघाचा रिलीफ पिचर. १२ ऑक्टोबर १९८६ रोजी त्याचा संघ अंतिम फेरीपासून अवघ्या एका चेंडूवर होता. मूरच्या चेंडूवर डेव्ह हेंडरसनने मोठा फटका मारला. तो सामना अतिरिक्त डावांत गेला, आणि पुढचे दोनही सामने संघ हरला. त्यानंतर मूर मैदानात आला की त्याच्याच गावचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. खांदा दुखावला होता, खेळ उतरला, १९८८ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. १८ जुलै १९८९ रोजी त्याने घरात पत्नीवर गोळ्या झाडल्या व मग स्वतःचा जीव घेतला. पत्नी वाचली. तो पस्तीस वर्षांचा होता.

त्या एका चेंडूने त्याचा बळी घेतला, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. आम्ही तसे म्हणणार नाही. त्याच्या घरात आधीपासून कलह होता, मारहाण होती, मद्य होते; पत्नीवर झाडलेल्या गोळीचे ओझे प्रेक्षकांवर टाकता येत नाही. एका चेंडूवरून माणसाचा न्याय करू नये असे म्हणणाऱ्यांनी एका चेंडूवरून त्याच्या मृत्यूचा उलगडा करणे हेही तितकेच चूक. परंतु एवढे मात्र खरे, की बुडणाऱ्या माणसाला हात देण्याची वेळ होती, आणि तेव्हा लोक काठावर उभे राहून ओरडत होते. ओरडणाऱ्यांपैकी एकेकटा कोणीच खुनी नव्हता. प्रत्येकाने थोडेसेच ओरडले होते. समुदायाच्या पापाचे स्वरूप नेहमी असेच असते. प्रत्येकाचा वाटा इतका लहान, की कबुलीजबाबात सांगण्याजोगा तो कोणाला वाटत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे वडील आठ महिने अंथरुणाला खिळून होते. आम्ही सहा भावंडे पाळीपाळीने रात्री जागत असू. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हां सर्वांना बाहेरच्या ओटीवर बसवून स्पष्ट सांगितले होते, की आता दिवस मोजावयाचे. आम्ही सर्वांनी ते ऐकले होते. शुक्रवारची रात्र आमच्या थोरल्या बहिणीची होती. तिला आम्ही बाय म्हणतो. पहाटे वडिलांना धाप लागली. तिने आधी त्यांना उठवून बसवले, पाणी पाजले, छाती चोळली, आणि मग शेजारच्या मुलाला डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टर येईपर्यंत सारे आटोपले होते.

अंत्यविधीनंतर जेवणाच्या वेळी आमच्यापैकी एक जण म्हणाला, "डॉक्टरांना अर्धा तास आधी बोलावलं असतं, तर…" वाक्य त्याने पुरे केले नाही. आमच्यापैकी कोणी ते खोडलेही नाही. बाय पंगतीत वाढत होती, ती तशीच वाढत राहिली. कोण बोलला ते आज सांगण्यात अर्थ नाही; बाकीचे गप्प बसलो म्हणजे आम्ही सारेच बोललो. पुढे कित्येक वर्षे, वडिलांचा विषय निघाला की ते अर्धे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येई. आठ महिन्यांच्या कितीतरी रात्री तिने आमच्या पाळ्यादेखील केल्या होत्या. त्यांची नोंद कोणी ठेवली नव्हती. नोंद राहिली ती त्या अर्ध्या तासाची.

आज विचार करता एक गोष्ट आम्हांला फार बोचते. आम्ही अज्ञानाने तसे वागलो नव्हतो. डॉक्टर काय म्हणाले ते आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्हांला कोणीतरी हवे होते, आणि बाय हाताशी होती. आमच्यापैकी ज्यांच्या पाळ्या निर्विघ्न पार पडल्या ते कर्तव्यदक्ष ठरले. त्यात आमचे कर्तृत्व काय होते? त्या रात्री आम्ही नव्हतो, एवढेच. शनिवारची रात्र आमची होती.

गेल्या वर्षी वडिलांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा झाल्यावर आम्ही उरलेली चार भावंडे बायच्या घरी गेलो. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. भाच्याने सांगितलेली ब्रँकांची गोष्ट आम्ही तिला सांगितली. खेळ तिला समजला नाही, पण गोष्ट समजली. मग त्या पंगतीतल्या वाक्याबद्दल आम्ही तिची क्षमा मागितली. आम्हांला वाटले होते ती रडेल, किंवा इतक्या वर्षांनी का म्हणून विचारील. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती रात्र माझ्या वाट्याला आली. कोणाच्या तरी येणारच होती." आणि एवढे बोलून ती चहा ठेवावयास आत गेली.

आम्ही तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो आणि कपबशा काढून दिल्या.